जाते थांबायचे तेव्हा



तुमच्यापैकी बहुतेक जण पहाटे उठणारे आहात. कोणाला धार काढायची असते, कोणाला पाण्याची पाळी धरायची असते, कोणाला शाळेच्या गावी जाणारी पहिली एस. टी. गाठायची असते. तेव्हा पहाट म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी तुम्हाला एवढेच विचारणार आहे, की त्या पहाटेला तुमच्या घरावर कोण गाते?

तुम्ही म्हणाल, कोंबडा आरवतो, कावळे ओरडतात, चिमण्या चिवचिवतात. बरोबर आहे. पण या सगळ्यांच्या आधी, फाल्गुन सरून चैत्र लागला, की आणखी एक जण गातो. तांबडे फुटायच्या सुमारास तो गोठ्याच्या आढ्यावर, नाही तर शेवग्याच्या शेंड्यावर येऊन बसतो. बुलबुलाएवढे पाखरू. डोके, छाती आणि पाठ काळीभोर, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा, आणि शेपटी वर उभारलेली. मादी अशीच, पण जिथे नर काळा तिथे ती राखी. याचे नाव दयाळ. रानावनात शोधायला जावे लागत नाही. माणसाच्या परसात, आमराईत, विहिरीच्या काठी राहणारे हे पाखरू आहे. हिवाळ्यात तो जवळपास मुका असतो, म्हणून आपल्या ध्यानात राहत नाही. उन्हाळा आला, की मात्र त्याला कंठ फुटतो.

आज मी या दयाळाची आणि माझ्या आजीची गोष्ट सांगणार आहे. देवाविषयी पुष्कळ लोक माझ्याहून अधिकाराने बोलतील. मी एक निवृत्त शाळामास्तर. मला जेवढे कळले तेवढेच सांगतो.

माझे लहानपण कृष्णाकाठी, वाईच्या खालच्या अंगाला एका लहानशा गावात गेले. तेव्हा गावात पिठाची गिरणी नव्हती. आज्जी पहाटे उठून जात्यावर बसायची. कोनाड्यात रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. मी तिच्या मांडीजवळ घोंगडी पांघरून पडलेला. जात्याची घरघर, तिच्या ओव्या आणि ताज्या पिठाचा वास, यात माझी झोप अर्धी उडायची आणि अर्धी राहायची. कधी दारावरून वासुदेव जायचा, डोक्यावर मोरपिसांची टोपी घालून. कधी काळोखातच कुडमुडे वाजवीत पिंगळा यायचा. पिंगळ्याला पिंगळा पक्ष्याची बोली कळते आणि त्यावरून तो भविष्य सांगतो, असे मोठी माणसे म्हणत. मला त्याची भीती वाटे आणि हेवाही वाटे. पाखरांची बोली कळणारा माणूस म्हणजे केवढा मोठा माणूस!

पण आज्जीची एक रीत होती. ओवी ऐन रंगात आली असेल, तरी गोठ्यावर दयाळाने पहिली शीळ घातली, की तिचा खुंट्यावरचा हात थांबे. जाते थांबे. ओवी अर्ध्यावर राही. मी काही बोलू लागलो, तर ती म्हणे, “गप. दयाळ बोलतोय. त्याचं होऊ दे, मग आपलं.”

तो गात असे आणि ती ऐकत असे. मग ती जात्यात मूठभर वैरण घालून पुन्हा दळू लागे. फार वेळ नाही, चार-पाच मिनिटे. पण घरात सून, गोठ्यात गुरे, दिवसभराचे काम डोक्यावर असलेल्या बाईने रोज चार-पाच मिनिटे हात थांबवणे ही लहान गोष्ट नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

आता मजा पाहा. संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन असे. बुवा देवाला दयाळ म्हणत. घरात आज्जी म्हणे, दयाळ बोलतोय. मी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. देव पहाटे आमच्या गोठ्यावर येऊन बोलतो, आणि आज्जी त्याच्यासाठी जाते थांबवते, अशी माझी पक्की समजूत होती. तो काळा आहे, याचेही मला नवल वाटले नाही. विठोबाही काळाच होता.

ही समजूत किती वर्षे टिकली, ते सांगता येत नाही. पण कोणी मोडली, ते सांगता येते. ती मीच मोडली.

१९५८ सालचा वैशाख असेल. मी दहा वर्षांचा होतो. कैऱ्या पाडायला मी एक बेचकी केली होती. दोन फाट्यांची फांदी, सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर, चामड्याचा तुकडा, आणि नदीतले गोल खडे. नेम बसू लागला, की हात शिवशिवतात. एका संध्याकाळी दयाळ शेवग्यावर बसून गात होता. मला त्याला मारायचे नव्हते. मला फक्त नेम बसतो का, हे पाहायचे होते. मुलांचे नेहमी असेच असते, आणि पुष्कळदा मोठ्यांचेही.

नेम बसला.

ते पाखरू मी उचलले तेव्हा त्याचे अंग ऊन होते. सगळ्यात जास्त आठवते ते हे, की त्याला वजनच नव्हते. एवढा आवाज साऱ्या आळीला पुरायचा, आणि तो यायचा कशातून, तर ह्या एवढ्याशा पिसांतून. मी ते निवडुंगाच्या कुंपणात खोल टाकले आणि हात धुऊन जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. जाते चालू होते. नेहमीची वेळ झाली आणि आज्जीचा हात थांबला. ती वाट पाहू लागली. चिमणीची ज्योत हलत होती. बाहेर कावळा ओरडला, लांब कुठे होला घुमला, पण गोठ्यावर काही नाही. बऱ्याच वेळाने तिने वैरण घातली आणि दळू लागली. पण ओवी म्हटली नाही. नुसतीच घरघर.

तिसऱ्या दिवशीही तेच. श्रोतेहो, मी पुढे आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली. पण त्या दोन पहाटे जात्याशेजारी जी शांतता होती, तशी पुन्हा ऐकली नाही. आज्जी काही विचारत नव्हती. ती फक्त थांबत होती. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी रडत रडत सगळे सांगितले.

मला वाटले, ती मारील किंवा जवळ तरी घेईल. तिने दोन्ही केले नाही. म्हणाली, “मला काय सांगतोस? मी काय त्याची धनीण हाय व्हय?” आणि उजाडल्यावर मला गोठ्याच्या मागे घेऊन गेली. तिथे भिंतीच्या दगडांत एक भोक होते. थोड्या वेळाने एक राखी पाखरू आले, इकडेतिकडे पाहिले आणि त्या भोकात शिरले. दयाळाची मादी. आज्जी म्हणाली, “ही बघ. हिला बोलता येत न्हाई, म्हणून तुझं निभावलं.”

आत अंडी होती की पिल्ले, ती वाचली की नाही, मला कधी कळले नाही. आज्जीने त्या भोकाजवळ मला जाऊ दिले नाही. तिने मला शिक्षा मात्र सांगितली. रोज जाते थांबले, की मी उठून तिच्याजवळ बसायचे आणि तीही शांतता ऐकायची. मी बसू लागलो. दहा-बारा दिवस तरी गेले असतील. मग एका पहाटे गोठ्यावर शीळ आली. पहिल्यासारखी नव्हती, शेवटाला निराळीच लकेर होती. आज्जीचा हात थांबला. मी हळूच विचारले, “आज्जी, त्योच आला का गं?”

ती म्हणाली, “त्यो कसा येईल? त्यो गेला. ह्यो दुसरा हाय. पर आपलं काम तेच. ऐकायचं.”

आज मला ठाऊक आहे, की एका नराची जागा मोकळी झाली, की दुसरा नर ती धरायला येतो. यात चमत्कार काही नाही. त्याने माझी चूक भरून निघाली, असे मी कधी मानले नाही, आणि आज्जीनेही मला तसे मानू दिले नाही.

असाच एक मुलगा मुंबईत होऊन गेला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, वय दहा-बारा वर्षांचे असताना, त्याने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलाला प्रश्न पडला, ही कोण? मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिथले सचिव मिलार्ड साहेब यांनी मुलाला पाखरू ओळखून दिले आणि जपून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. सलीम अली. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि त्याने कितीतरी लोकांना पाखरांकडे पाहायला शिकवले. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याचे नावच त्या पडलेल्या चिमणीवरून ठेवले. १९८७ साली ते गेले.

त्यांची गोष्ट वाचली, तेव्हा मला दिलासा मिळाला. त्यांना त्या पाखरातून शास्त्र मिळाले. मला दुसरे काहीतरी मिळाले. पण दोघांच्या हाती पहिल्यांदा आले ते एक मेलेले पाखरू, आणि त्याबरोबर आलेला एक प्रश्न.

पुढे मी शिक्षक झालो. वर्गात पक्ष्यांचा धडा आला, की मी दयाळाविषयी सांगत असे. माणसाचा कंठ श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतो. पाखराचा आवाज मात्र श्वासनळी जिथे दुभागते तिथे, म्हणजे खाली छातीत, तयार होतो. त्यामुळे गाणाऱ्या पाखरांना एकाच वेळी दोन निराळे सूर काढता येतात. गाणे पिल्ले मोठ्यांचे ऐकून शिकतात, आपण भाषा शिकतो तशी. दयाळ तर दुसऱ्या पाखरांचीही नक्कल करतो. दिवस मोठे होऊ लागले, की नराच्या शरीरात बदल होतात आणि तो गाऊ लागतो. पहाटे हवा स्थिर असते, गोंगाट कमी असतो, म्हणून आवाज लांब जातो. आणि तो गातो कशासाठी? ही जागा माझी आहे, दुसऱ्या नराने इकडे येऊ नये, आणि मादीने यावे, म्हणून.

एकदा हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. शेतकऱ्याचा पोरगा, मोठा चौकस. म्हणाला, “गुरुजी, म्हणजे तो बांधावरनं भांडतोय. तुम्ही तर म्हणालात, तुमची आजी त्याला देवाचं गाणं समजायची.”

वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर सुचले नाही. घरी गेलो, रात्रभर विचार केला, आणि सकाळी उठल्यावर उत्तर सापडले, तेही आज्जीच्या जात्यातच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारले, “तुझी आई, आजी जात्यावर गायची का रे?” म्हणाला, “आजी गायची.” “कशासाठी?” “दळण हलकं वाटावं म्हणून.” मी म्हटले, “मग ती ओवी खोटी झाली का?”

तो विचारात पडला. मित्रहो, तुम्हीही विचार करून पाहा. जात्यावरची ओवी जन्मली ती कष्टातून. हात दुखतात, झोप येते, म्हणून बाई गाते. पण त्याच ओवीत पंढरी येते, माहेर येते, भाऊ येतो. खानदेशात बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि घरोट्यावर काम करता करताच गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. कामासाठी गायिलेले गाणे कामापुरते राहत नाही. मग पाखराचे गाणे त्याच्या बांधापुरते राहिले पाहिजे, असे कशावरून? ते कशासाठी गाते, हे शास्त्र सांगते, आणि ते खरे आहे. पण ते ऐकताना माझ्या आज्जीचा हात थांबत होता, हेही तितकेच खरे आहे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

इथे कोणी म्हणेल, हा सारा मनाचा खेळ आहे. पाखराच्या आवाजात आपल्याला हवे ते ऐकू येते. यातही तथ्य आहे. आपला पावशाच घ्या. वळवाचे ढग येऊ लागले, की तो चढत्या सुरात ओरडू लागतो. आपला शेतकरी म्हणतो, तो सांगतोय, “पेरते व्हा, पेरते व्हा.” हिंदी मुलखात त्यालाच पपीहा म्हणतात, आणि तिथल्या विरहिणीला तो “पी कहाँ” म्हणताना ऐकू येतो. बंगाल्यात म्हणतात, तो “चोख गेलो”, म्हणजे डोळे गेले, असे म्हणतो. आणि इथल्या उन्हाने हैराण झालेल्या साहेबाला त्यात मेंदूच्या तापाचे नाव ऐकू आले. पाखरू एक, बोल एक, आणि अर्थ चार. पाखराच्या मनात तर यातले काहीच नाही. त्याला सातभाईच्या घरट्यात अंडी घालायची असतात आणि त्यासाठी जोडीदारीण हवी असते.

मग देव कुठे आहे? पाखरात की आपल्या कानात?

मला वाटते, माझ्या आज्जीने हा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडवला होता. दयाळ काय बोलतो, याचा अर्थ तिने कधी लावला नाही. पिंगळ्यासारखे भविष्य काढले नाही, की काही मागितले नाही. तिने फक्त हात थांबवला. जे गाणे आपल्यासाठी नाही, ज्याच्यावर आपला हक्क नाही, ज्याचे आपण काही देणे लागत नाही, ते आपल्या दारी आले आहे, एवढे तिला कळत होते. त्या चार-पाच मिनिटांत ती घरची धनीण नव्हती, कोणाची सासू नव्हती. जग आपल्यावाचून चालले आहे, आणि तरी त्यात आपल्याला जागा आहे, असे तिला वाटत असावे. तिने हे शब्द वापरले नसते. पण माझ्यापुरता देवाचा अर्थ तेवढाच आहे.

तुकोबांनी झाडांना आणि रानातल्या जिवांना आपले नातेवाईक मानले. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकांतात बसत. तिथे त्यांना एकटे वाटले नाही, कारण तिथे पाखरे होती. नात्याचे माणूस बोलू लागले, की आपण काय करतो? हातातले काम बाजूला ठेवतो. आज्जी तेच करत होती.

आता माझे स्वतःचे थोडे सांगून आटोपते घेतो. माझे वय झाले आहे. दोन वर्षांपूर्वी कान कमी येऊ लागले, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “म्हातारपणी आधी बारीक, उंच सूर जातात. जाड सूर राहतात.” घरी आल्यावर ध्यानात आले, की परसातल्या जास्वंदीवर शिंजीर येतो, चोच हलते, पण आवाज येत नाही. भारद्वाजाचे घुमणे येते. होल्याचे येते. दयाळाचे मात्र अर्धेच येते. खालचे सूर कळतात, वरची लकेर हरवते. १९५८ सालची ती शांतता आता थोडी थोडी माझ्याच कानांत उतरते आहे. कोणी म्हणेल, हा न्याय झाला. मी तसे म्हणत नाही. निसर्ग असे हिशेब ठेवत नाही.

माझी नात सात वर्षांची आहे. गेल्या चैत्रात एकदा पहाटे मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. ती आतून धावत आली आणि माझ्या हातातला पेला धरून म्हणाली, “आजोबा, थांबा, तो गातोय!” मी थांबलो. मला अर्धेच ऐकू येत होते. उरलेले अर्धे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. आणि जी लकेर तिथे नव्हती ती आठवणीतून आली, जात्याच्या आणि ताज्या पिठाच्या वासासकट.

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. चैत्र-वैशाखात शाळा सकाळची असते. पहिली घंटा होण्याआधी मुलांना दहा मिनिटे पटांगणातल्या झाडाखाली गप्प बसवा. काही शिकवू नका. फक्त ऐकू द्या. नंतर विचारा, कोणी काय ऐकले? एक वही करा. पहिला पावशा कधी बोलला, दयाळ कोणत्या झाडावर बसतो, सुगरणीने खोपे कधी विणायला घेतले, हे मुलांकडूनच लिहून घ्या. पाचसहा वर्षांत त्या वहीत तुमच्या गावचे एक पंचांग तयार होईल. आणि एखाद्या मुलाच्या खिशात बेचकी सापडली, तर त्याला मारू नका. १९७२ च्या कायद्याने रानपाखरांना संरक्षण आहे, हे त्याला जरूर सांगा. पण त्याआधी त्याला एका पहाटे पाखरू ऐकायला बसवा. ज्याने ऐकले, त्याचा नेम आपोआप चुकतो.

शेतकरी बंधूंनो, बांधावरचे जुने झाड, गोठ्याच्या भिंतीतले एखादे भोक, शक्य असेल तर राहू द्या. ते कोणाचे तरी घर असते. आणि भगिनींनो, आता जाती गेली, गिरण्या आल्या, हे चांगलेच झाले. ते कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण जाते थांबवायची ती रीत मात्र जाऊ देऊ नका. हातात दुधाची चरवी असेल, स्टोव्हवर चहा असेल, मोटारसायकलची किल्ली फिरवायची असेल. उद्या पहाटे बाहेर शीळ ऐकू आली, तर हात क्षणभर थांबवा.

त्याचं होऊ द्या, मग आपलं.